आत काय वाहतंय?

"काका, ठिणगी न पडणारा एखादा इम्पेलर सांगा ना."

मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे याच वाक्याने सुरू होतात. पलीकडे कधी परचेसमधला नवखा मुलगा असतो, कधी सॉल्व्हंटच्या गोदामाचा मालक, कधी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतला फोरमन. त्यांना हवं असलेलं उत्तरही ठरलेलं असतं: "गनमेटलचा घाला." तेवढं ऐकलं की ते फोन ठेवायला मोकळे. मी ते उत्तर देत नाही. मी उलट विचारतो, आत काय वाहतंय? मग विचारतो, पंप रिकामा कधी फिरतो? आणि शेवटी, इम्पेलर कशाच्या शेजारी फिरतो? तिसऱ्या प्रश्नापर्यंत येईतो बहुतेक जण कंटाळतात. ही पुस्तिका त्या कंटाळलेल्यांसाठी लिहिली आहे.

इम्पेलर म्हणजे सेंट्रिफ्यूगल पंपाच्या पोटात फिरणारं, वाकड्या पात्यांचं चाक. मोटर ते फिरवते आणि ते द्रवाला मधून घेऊन कडेला भिरकावतं. एवढंच त्याचं काम. पाणी ओढणाऱ्या पंपात हे चाक कशाचं आहे याची चौकशी शेतकरी सहसा करत नाही, आणि केली नाही तरी फारसं बिघडत नाही. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, थिनर, इथेनॉल यांच्या बाबतीत मात्र चाकाचा धातू चुकला तर नुसता पंप बसत नाही. गंमत अशी, की चूक जिथे असते असं लोकांना वाटतं तिथे ती क्वचितच असते.

मी विक्रोळीचा. आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग आमच्या घरात अजून 'आग्रा रोड' आहे. कुर्ल्याला प्रीमियर आणि मुकुंद, मध्ये विक्रोळीत गोदरेज, पुढे कांजूरला क्रॉम्प्टन, आणि तिथून मुलुंडपर्यंत लहानमोठ्या कारखान्यांची रांग, अशी या रस्त्याची ओळख होती. भोंग्यावर लोकल भरायची आणि भोंग्यावर रिकामी व्हायची. त्यातले बहुतेक कारखाने गेले. त्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि वीस-तीस मजली टॉवर आले. पण ज्या माणसांनी त्या शॉपमध्ये धातू हाताळला, त्यांच्या बोटांना तो अजून कळतो. आम्ही 'कास्ट आयर्न' म्हणत नसू, 'बीड' म्हणायचो. बिडाचं केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, आणि बिडाचा इम्पेलर. गनमेटलचा, म्हणजे ब्राँझचाच, जुना इम्पेलर स्टोअरमधून नाहीसा झाला की तो कुर्ल्याच्या भंगारात कोणत्या भावाने गेला असेल, हेही आम्हाला तोंडपाठ असे. ब्राँझच्या इम्पेलरचा हा एक तोटा कोणत्याही कॅटलॉगमध्ये छापलेला नसतो.

आमच्या दक्षिणेला, फार लांब नाही, माहुल. तिथे १९५४ मध्ये एक आणि १९५५ मध्ये दुसरी रिफायनरी सुरू झाली. तेव्हाच्या स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल, आजच्या एचपीसीएल आणि बीपीसीएल. इंधनाचे टँकर आमच्या हायवेवरून जाताना पाहत आमची पिढी वाढली. जिथे इंधन तिथे पंप, आणि जिथे पंप तिथे वर्षातून दोनदा उघडून बघावी लागणारी चाकं. या धंद्यात माझी उमेदवारी अशी आपसूक झाली.

आता ठिणगीकडे येतो, कारण सगळा गैरसमज तिथूनच निघतो.

वर्कशॉपमध्ये धातू ओळखायची एक जुनी पद्धत आहे. तुकडा ग्राइंडरला टेकवायचा. साध्या पोलादातून पिवळ्याधमक फुलबाज्या उडतात, बिडातून लालसर आणि आखूड, आणि ब्राँझमधून काहीच नाही. हे प्रत्येक फिटरने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून "ब्राँझ ठिणगी टाकत नाही, म्हणजे ब्राँझ सुरक्षित" हे त्याला शपथेवर खरं वाटतं. निरीक्षण खरंच आहे. निष्कर्ष अर्धा आहे. ग्राइंडरवरची ठिणगी म्हणजे पोलादाचा बारीक कण. तो तापतो आणि हवेतल्या ऑक्सिजनने जळत जातो. हवा नसेल तर त्या कणाला जळायला काही नाही. आणि पेट्रोलने काठोकाठ भरलेल्या पंपात हवा नसते. तिथे इम्पेलर कशाचाही असो, नुसत्या घासण्याने पेट्रोल पेटत नाही.

पटत नसेल तर स्वतःच्या गाडीचा विचार करा. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये विजेचा छोटा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलेला असतो. अनेक गाड्यांत त्याच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, म्हणजे ठिणगी पाडणं हा त्या मोटरचा रोजचा व्यवसाय. पेट्रोल तिच्या आतून, आर्मेचरला घासूनच पुढे जातं. लाखो गाड्या असं करत रोज आग्रा रोडवरून जातात आणि काही होत नाही, कारण पेटायला पेट्रोलची वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली लागते: साधारण दीड टक्क्याच्या आसपास सुरुवात आणि साडेसात टक्क्यांच्या आसपास शेवट. त्याहून कमी असेल तर जळायला वाफ पुरत नाही, त्याहून जास्त असेल तर हवा पुरत नाही.

मग धोका कधी? पंप भरलेला नसतो तेव्हा. टाकी तळाला लागते आणि पंप पेट्रोलबरोबर हवाही ओढू लागतो तेव्हा. दुरुस्तीनंतर प्रायमिंग न करताच, म्हणजे पंप आधी द्रवाने न भरताच, कोणीतरी बटण दाबतं तेव्हा. शाफ्टभोवतीचं सील गळतं आणि पंपाच्या बाहेर वाफ साचते तेव्हा. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, वर जात नाही, गटारात आणि खड्ड्यात जाऊन बसते. आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप तासभर चालवला जातो तेव्हा, कारण तेव्हा मोटरची सगळी ताकद आतलं तेल तापवण्यात जाते. इम्पेलरचा धातू या वेळांसाठी निवडायचा असतो. सुरळीत चालणाऱ्या पंपात कुठलाही धातू गुणी बाळ असतो. त्याची परीक्षा वाईट तासात होते.

वाईट तासात ठिणगीपेक्षा मोठा शत्रू म्हणजे तापलेली जागा. इम्पेलरची रिंग केसिंगच्या रिंगला कोरडी घासू लागली की काही सेकंदांत ती जागा दोन-तीनशे अंशांवर जाऊ शकते. पेट्रोलला ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेने पेटायला अडीचशे ते पावणेतीनशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. डिझेल त्याच्याही आधी, दोनशे दहाच्या पुढेमागे पेटू शकतं. हे वाचून दचकायला होतं. डिझेल तर 'मवाळ' म्हणून प्रसिद्ध. काडी दाखवली तर ते खरंच मवाळ आहे, पण तापलेल्या लोखंडापुढे ते पेट्रोलपेक्षा हळवं आहे. डिझेल इंजिन चालतं तेच मुळी या स्वभावावर. 'फ्लॅश पॉइंट' (काडी दाखवली की वाफ पेटते ते तापमान) आणि 'आपोआप पेटण्याचं तापमान' हे दोन निराळे आकडे एकाच वहीत, एकाच ओळीत लिहून ठेवावेत असा माझा आग्रह आहे. पहिल्या आकड्यावर सरकारी वर्गवारी ठरते: पेट्रोलियम नियमांनुसार २३ अंशांखाली 'अ' वर्ग, २३ ते ६५ 'ब', ६५ ते ९३ 'क'. दुसऱ्या आकड्यावर तुमच्या इम्पेलरच्या रिंगचं भवितव्य ठरतं, आणि तो परवान्याच्या कागदावर नसतो.

म्हणून माझं सांगणं पहिल्यापासून हे: इम्पेलर एकटा निवडू नका, जोडी निवडा. लग्नात पत्रिका दोघांच्या पाहतात; इथेही तेच. इम्पेलरच्या गळ्याला एक वेअर रिंग असते, केसिंगमध्ये तिच्यासमोर दुसरी, आणि दोघींमध्ये केसाएवढी फट. पंपाची कार्यक्षमता त्या फटीत असते. शाफ्ट किंचित वाकला, बेअरिंग गेलं, पाइपने पंप ओढला, की पहिली टक्कर तिथे होते.

ऐन उमेदीत मी ही गोष्ट फजितीने शिकलो. एका रंगाच्या कारखान्यात मिनरल टर्पेंटाइन ओढायचा पंप होता. जुना बिडाचा होता, थकला होता. नवा घेताना मालकांनी सांगितलं, पैशाकडे बघू नका, सगळं थ्री-सिक्स्टीन स्टेनलेस घ्या. मीही मान डोलावली. इम्पेलर ३१६, त्याची रिंग ३१६, समोरची रिंगही ३१६. चकचकीत पंप आला, नारळ फुटला, हार घातला. तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी झाली तरी पंप चालूच राहिला. पाच-सात मिनिटांत किंकाळीसारखा आवाज झाला आणि शाफ्ट जागच्या जागी थांबला. मोटरचा ओव्हरलोड पडला म्हणून निभावलं. उघडून पाहिलं तर दोन रिंगा एकमेकींत अशा रुतल्या होत्या की छिन्नीने सुटेनात. याला आमच्यात 'गॉलिंग' म्हणतात. ३१६ वर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा असतो त्यानेच तो गंजापासून वाचतो. कोरडा घासला की पापुद्रा जातो आणि खालचा ताजा, मऊ, चिवट धातू समोरच्या तशाच धातूला बिलगतो. उत्तम अधिक उत्तम बरोबर जाम. त्या दिवशी आग लागली नाही हे नशीब. शहाणपण माझं नव्हतं.

तेल उद्योगासाठीच्या पंपांचं प्रमाण म्हणजे अमेरिकेच्या पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं 'एपीआय ६१०'. त्यात या प्रसंगावर एक ओळीचा उपाय आहे: समोरासमोरच्या रिंगांच्या कडकपणात निदान ५० ब्रिनेलचा फरक ठेवा, नाहीतर दोन्ही ४०० ब्रिनेलच्या वर न्या. म्हणजे एक कडक, एक मऊ. किंवा दोन्ही इतक्या कडक की कोणी कोणाला चिकटणार नाही. त्या एका ओळीमागे किती कारखान्यांच्या किती किंकाळ्या असतील, हे ती वाचताना मला दर वेळी जाणवतं.

त्याच प्रमाणातली दुसरी गोष्ट आमच्या बिडाबद्दल आहे. ज्वालाग्राही तेलाच्या पंपाचं केसिंग बिडाचं नको, पोलादाचं हवं, असं ते सांगतं. लोक याचा अर्थ 'बीड ठिणगी टाकतं' असा लावतात. कारण वेगळंच आहे. शेजारी आग लागली, केसिंग तापून लाल झालं, आणि फायर ब्रिगेडच्या होजचं गार पाणी त्यावर पडलं, की बीड काचेसारखं तडकतं आणि आतलं सगळं तेल आगीत ओततं. पोलाद वाकेल, फुगेल, पण सहसा तडकणार नाही. हा नियम केसिंगचा आहे, इम्पेलरचा नाही. पोलादी केसिंगमध्ये बिडाचा इम्पेलर चालतो. त्या प्रमाणातल्या 'एस-१' वर्गात नेमकी हीच जोडी आहे. 'एस-६' मध्ये पोलादी केसिंगला बारा टक्के क्रोमचा इम्पेलर, 'एस-८' मध्ये ३१६ चा. परचेसच्या टेबलावर ही अक्षरं कोडं वाटतात. फिटरला ती जोड्यांची नावं म्हणून समजावून सांगितली की पाच मिनिटांत पाठ होतात.

बारा-तेरा टक्के क्रोम आणि चार टक्के निकेलचं ओतीव पोलाद, ज्याला बाजारात 'सीए सिक्स एनएम' म्हणतात, हा माझा आवडता धातू. तो रूपाने स्टेनलेस आणि वागणुकीने घरचा. त्याला लोहचुंबक चिकटतो, त्यामुळे माल उतरवून घेणारा स्टोअरकीपर हमखास "हे स्टेनलेस नाही, फसवलंय" म्हणून परत पाठवतो. उलट ओतीव ३१६ लाही कधीकधी चुंबक हलकासा ओढतो, कारण ओतकामात थोडं फेराइट त्यात राहतंच. तेव्हा खिशातल्या चुंबकावर बिल अडवू नका. ओतशाळेकडून हीटचं प्रमाणपत्र मागा. सीए सिक्स एनएमचा मोठा गुण म्हणजे कॅव्हिटेशनपुढे टिकून राहणं. हलकं इंधन इम्पेलरच्या तोंडाशी, दाब पडला की, उकळतं. बुडबुडे पुढे जाऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा पात्यावर सुईचा टोचा मारतो. मे महिन्यात, उन्हात तापलेल्या टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप खडे चावल्यासारखा आवाज करतो, तो हाच. बिडाची पाती त्यात स्पंज होतात. ब्राँझ थोडं बरं. तेरा-चारचं पोलाद दोन्हींपेक्षा पुष्कळ तग धरतं. अर्थात औषध धातूत नाही, सक्शन लाइनमध्ये आहे. पण औषध येईपर्यंत रोगी जगला पाहिजे.

तेल गरम असेल तर आणखी एक गणित करावं लागतं आणि ते कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. ३१६ स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा तापल्यावर जवळजवळ दीडपट पसरतं. २०० मिलिमीटर व्यासाची रिंग दीडशे अंशांनी तापली तर पोलादाची ०.३६ मिलिमीटर वाढते, ३१६ ची ०.५१. पोलादी केसिंगमध्ये ३१६ चा इम्पेलर बसवला असेल तर व्यासावरची दीड-दशांश मिलिमीटर फट नुसत्या गरमीने गेली. सकाळी हाताने सहज फिरणारा शाफ्ट दुपारी का रडतो, त्याचं उत्तर या वजाबाकीत असतं.

ब्राँझबद्दल मी कडू बोलतोय असं वाटेल. तसं नाही. ब्राँझ समोरच्या रिंगेला बिलगत नाही, घासलं तरी पुसट होत जातं, समुद्राच्या पाण्यात टिकतं. तेलवाहू जहाजांच्या कार्गो पंपांत अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचे इम्पेलर पूर्वापार वापरतात, कारण त्या पंपांच्या वाट्याला तेलाबरोबर खारं पाणीही येतं. पण ब्राँझमधलं तांबं इंधनाशी खेळतं. तेलातल्या गंधकाच्या काही संयुगांना तांबं काळं पडून उत्तर देतं; म्हणून तर पेट्रोल-डिझेलच्या तपासणीत तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी तेलात तीन तास ५० अंशांवर बुडवून तिचा रंग पाहतात. आणि उलट दिशेने, अगदी सूक्ष्म प्रमाणात उतरलेलं तांबं इंधनाला शिळं करतं, डिंक धरायला लावतं. विमानाच्या इंधनाचं तापमान उडताना वाढतं, आणि तिथे हा डिंक इंजिनाच्या नाजूक नळ्यांत बसू शकतो. म्हणून सांताक्रूझ-सहारला विमानात जाणाऱ्या एटीएफच्या वाटेत तांबं, जस्त आणि कॅडमियम यांना मज्जाव असतो. 'ठिणगी नको' म्हणून आपण ज्या धातूला बोलावलं, तोच इथे दाराबाहेर उभा.

अ‍ॅल्युमिनियमचं थोडक्यात सांगतो: गंजलेल्या लोखंडावर अ‍ॅल्युमिनियम जोराने आपटलं तर दोघांत थर्माइटसारखी क्रिया होते आणि साध्या पोलादापेक्षा कितीतरी गरम ठिणगी पडते. वजनाने हलकं म्हणून मोहात पडू नका.

प्लास्टिकचा इम्पेलर मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वर म्हटलेल्या गाडीच्या टाकीतल्या पंपात तोच असतो, आणि तिथे तो शोभतो. तरी २०२० मध्ये होंडाने भारतात सुमारे पासष्ट हजार गाड्या आणि २०२१ मध्ये सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार गाड्या परत बोलावल्या, त्या इंधन पंपाच्या सदोष इम्पेलरपायीच. जगभर त्याच सुमाराला अनेक कंपन्यांनी त्याच प्रकारचे पंप बदलले. अमेरिकेतल्या कागदपत्रांत कारण दिलं आहे: काही इम्पेलर कमी घनतेचे घडले गेले, त्यांनी पेट्रोल शोषलं, ते फुगले आणि घरालाच घासू लागले. पंप अडकला की चालती गाडी बंद. एवढ्याशा चाकाच्या साच्यातली घनता, आणि तिच्यासाठी लाखो घरांत गेलेली पत्रं! धातू असो वा प्लास्टिक, इंधन त्यात शिरतं का, हा प्रश्न 'ठिणगी पडते का' याच्या आधी विचारायला हवा. मोठ्या पंपांत प्लास्टिकची दुसरी अडचण म्हणजे स्थिर वीज. पेट्रोल, टोल्युइन यांसारखे द्रव वाहताना विजेचा भार साठवतात. धातूच्या पंपाला अर्थिंग दिलं की तो निघून जातो, पण वीज न वाहणाऱ्या प्लास्टिकवर तो बसून राहतो. सॉल्व्हंटसाठी असा पंप घेताना प्लास्टिक वीज वाहणारं आहे का, हे लेखी घ्या.

इंधनंही आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा कमी. धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा उपजत बुळबुळीतपणाही जातो आणि तो वेगळं रसायन घालून परत आणावा लागतो. जुन्या डिझेलच्या भरवशावर बसवलेल्या रिंगांच्या जोड्या पुन्हा तपासा. आणि माहुलहून मनमाडकडे जाणाऱ्या पाइपलाइनसारख्या वाहिन्यांत तर एकाच नळीतून पाळीपाळीने पेट्रोल, डिझेल, रॉकेल जातं. तिथला इम्पेलर सगळ्यांशी जमवून घेणारा लागतो, एकत्र कुटुंबातल्या मोठ्या सुनेसारखा.

इथेनॉलवर या पुस्तिकेत सगळ्यांत मोठं प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकलं जाऊ लागलं आणि आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या आवारात इथेनॉलच्या टाक्या वाढल्या. तिथे फोरमन मंडळी पेट्रोलच्या अनुभवावर विसंबतात, आणि त्याचीच मला भीती वाटते. पेट्रोलच्या बंद टाकीत आपल्या हवामानात वाफ इतकी दाट असते की सहसा ती पेटण्याच्या मर्यादेच्या वरच राहते. इथेनॉलचं तसं नाही. ३० अंशांना इथेनॉलच्या टाकीत वरच्या जागेत सुमारे दहा टक्के वाफ असते, आणि इथेनॉल पेटतं ते सव्वातीन ते एकोणीस टक्क्यांच्या दरम्यान. म्हणजे कोल्हापूर-नगरच्या साध्या दुपारी टाकीतली हवा नेमकी पेटण्याजोगी असते, आणि टाकी तळाला गेली की पंप तीच हवा ओढतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी पितं, जुनं झालं की आंबटतं, आणि जस्त, शिसं, पितळ यांना कुरतडतं. इथे मी निःसंकोचपणे स्टेनलेस सांगतो, पण समोरची रिंग वेगळ्या जातीची घालूनच. पीकसारख्या प्लास्टिकची रिंग असेल तर उत्तम: कोरडी घासली तरी जाम होत नाही, आणि फटही कमी ठेवता येते.

या विषयाचं टोक पाहायचं तर मला विक्रोळीबाहेर जावं लागत नाही. इस्रोची विकास इंजिनं आमच्या गोदरेजच्या कारखान्यात बनतात. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. त्या इंजिनाच्या पोटात एक टर्बोपंप असतो: एकाच शाफ्टवर टर्बाइन, इंधनाचा इम्पेलर आणि ऑक्सिडायझरचाही, मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे. हे दोन द्रव असे, की एकमेकांना भेटले की काडी लागत नाही, आपोआप पेटतात. आणि वरच्या टप्प्यातल्या क्रायोजेनिक इंजिनात तर द्रव ऑक्सिजन असतो. तिथे नियम उलटाच होतो, कारण तिथे तेलाऐवजी चाकच इंधन होऊ शकतं. द्रव हायड्रोजनला टायटेनियमचा हलका इम्पेलर चालतो. ऑक्सिजनच्या बाजूला तोच टायटेनियम एका घासण्यात स्वतः पेट घेईल. एकाच इंजिनात, हातभर अंतरावर, एक धातू उत्तम आणि तोच धातू घातक. 'सगळ्यांत चांगला धातू कोणता' असं विचारणाऱ्याला मी एवढंच सांगून गप्प बसतो.

या पुस्तिकेत काय नाही तेही सांगायला हवं. मोटर, केबल, फ्लेमप्रूफ पेट्या यांचं शास्त्र वेगळं आहे. टाकी आणि पंपहाउसचे परवाने पेसो या सरकारी संस्थेकडून घ्यायचे. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सीलवरही इथे दीडच पान आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पंपाजवळ लागणाऱ्या आगीत सीलचा वाटा इम्पेलरपेक्षा कितीतरी मोठा. ते काम माझ्याहून जाणत्या माणसाने करावं. मी चाकांचा माणूस.

भाषेबद्दल दोन शब्द. मित्रांनी सुचवलं होतं की 'प्रेरक चक्र', 'झीज-वलय' असे शब्द वापरावेत. मी एका फिटरला 'झीज-वलय आण' म्हणून पाहिलं. तो चहा घेऊन आला. तेव्हा इम्पेलर इम्पेलरच ठेवला, वेअर रिंग वेअर रिंगच, आणि बीड मात्र बीड.

पुस्तिका तेलकट हातांनी वाचली जावी म्हणून अक्षर मोठं ठेवलं आहे आणि तक्ते शेवटी आहेत, सुटे काढून पंपहाउसच्या भिंतीवर लावता येतील असे. आणि एक विनंती. पुढच्या वेळी पंप उघडाल तेव्हा जुना इम्पेलर आणि त्याच्या दोन्ही रिंगा एकाच पिशवीत बांधून ठेवा, पिशवीवर द्रवाचं नाव आणि तारीख लिहा, आणि मगच मला फोन करा.